वर्गातला पडदा आणि शिक्षकाचा वेळ

१९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी ही शैक्षणिक दूरचित्रवाणी कार्यक्रम बनवणारी संस्था सुरू झाली. तिच्याकडून ज्या अपेक्षा होत्या, त्या आजच्या एखाद्या शैक्षणिक ॲपच्या जाहिरातीशेजारी ठेवून पाहाव्यात. आडगावच्या मुलाला उत्तम शिक्षक मिळत नाही, तर निदान उत्तम धडा त्याच्यापर्यंत पोहोचवू, ही कल्पना तेव्हाही तीच होती. फक्त तो धडा इन्सॅट उपग्रहावरून दूरदर्शनच्या पेटीत उतरणार होता. संस्थेने मराठीत हजारो कार्यक्रम तयार केले आणि त्यांचे शीर्षकगीत आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांच्या कानात अजून आहे. पुढे केंद्राचे अनुदान आटले, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने संस्था बंद केली. त्याच सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळांत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर बसत होते आणि त्यांवर दाखवायला मराठीत चांगले काही मिळत नाही, अशी शिक्षकांची तक्रार होती.

यंत्रे आली की साहित्य नसते आणि साहित्य असते तेव्हा ते बनवणारी माणसे टिकवली जात नाहीत, हे आपल्याकडे वारंवार घडले आहे. १९७५-७६च्या ‘साइट’ या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. त्यात महाराष्ट्र नव्हता. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ योजनेखाली निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. २००४ मध्ये एज्युसॅट हा शैक्षणिक उपग्रह उडाला आणि त्याच वर्षी केंद्राची शाळांतल्या संगणक प्रयोगशाळांसाठीची योजना आली. या प्रत्येकाचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मला इथे एवढेच पाहायचे आहे, की वर्गात यंत्र आल्यावर शिक्षकाचा वेळ कुठे गेला. तो मुलाकडे गेला असेल तर शिकणे वाढले. तो यंत्राची मर्जी राखण्यात, फोटो काढण्यात किंवा पडद्याशेजारी नुसते उभे राहण्यात गेला असेल तर वाढले नाही. हे माझे मत आहे, पण त्याला नुसत्या अनुभवाचा आधार नाही. या प्रश्नावर जगातले काही महत्त्वाचे अभ्यास भारतातच झाले आहेत आणि त्यांतला एक तर मुंबई-वडोदऱ्यातला आहे.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या दोन उपक्रमांचा अभ्यास करून २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. पहिला उपक्रम बालसखीचा. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या पालिका शाळांत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट रोज काही वेळ वस्तीतल्याच एका तरुणीकडे सोपवायचा आणि तिने त्यांना अक्षर-अंकांपासून हात द्यायचा. दुसरा उपक्रम वडोदऱ्यातला. चौथीची मुले आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघे अशी बसून गणिताचे खेळ खेळत. मुलाला जमते तसा खेळ अवघड होत जाई. संगणकाने गणितात मोठी उडी दिली, बालसखीपेक्षाही मोठी. पण वर्षभराने पुन्हा तपासले तेव्हा तिचा बराच भाग ओसरला होता आणि खर्चाचा विचार करता बालसखी कितीतरी स्वस्त ठरली होती. वस्तीत राहणारी, दहावी-बारावी झालेली मुलगी हे शिक्षणातले संगणकाहून किफायतशीर साधन ठरावे, ही गोष्ट स्मार्ट बोर्डाच्या निविदा काढणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने समोर ठेवावी असे मला मनापासून वाटते.

त्यानंतरचा गुजरातमधला अभ्यास याहून बोलका आहे. ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांत ली लिंडेन यांनी एकच संगणक-कार्यक्रम दोन तऱ्हांनी वापरून पाहिला. काही शाळांत तो शाळेच्या वेळात, म्हणजे शिक्षिकेच्या तासाच्या जागी बसवला. काहींत शाळेच्या वेळेबाहेर, जादा म्हणून. जिथे त्याने शिक्षिकेची जागा घेतली तिथे मुले मागे गेली. जिथे तो वरून भर म्हणून आला तिथे मुलांना फायदा झाला, विशेषतः कच्च्या मुलांना. यंत्र तेच, मुले त्याच थरातली आणि निकाल एकमेकांच्या उलट. ज्ञानशालेची शिकवण्याची पद्धत मुळातच चांगली बसवलेली होती, म्हणून तिथला तास काढून घेणे महागात पडले. जिथे शिकवणेच होत नाही तिथे कदाचित वेगळे झाले असते. म्हणूनच ‘संगणकाने फायदा होतो का’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही.

दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या कार्यक्रमाची चाचणी झाली आणि कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग व अलेहांद्रो गनिमियन यांनी तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. सहावी ते नववीची मुले शाळा सुटल्यावर केंद्रात येत. पाऊण तास संगणकावर आणि पाऊण तास छोट्या गटात शिक्षकासोबत. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली प्रगती दिसली. सहावीत बसलेले मूल प्रत्यक्षात तिसरी-चौथीच्या गणितावर अडले असेल, तर हा कार्यक्रम ते ओळखून तिथूनच सुरुवात करत असे. चाळीस मुलांच्या वर्गात अभ्यासक्रम पुरा करायला बांधलेल्या शिक्षकाला हे करता येत नाही. यंत्राचे खरे बळ मला इथे दिसते. प्रत्येक मूल कुठे अडले आहे हे शोधणे आणि न कंटाळता शंभर वेळा सराव घेणे त्याला जमते, आणि ही दोन कामे त्याने उचलली तर शिक्षक मोकळा होतो.

याच्या दुसऱ्या टोकाला पेरू आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या मोहिमेत त्या देशाने आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. २०१२ मधल्या मूल्यमापनात भाषा आणि गणितातल्या कामगिरीवर त्याचा परिणाम आढळला नाही. याच मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये मुंबईजवळच्या खैरात-धनगरवाडा इथल्या एकशिक्षकी शाळेत झाला होता. तिथल्या मुलांनी ती हिरवी-पांढरी यंत्रे आवडीने हाताळली. पण एका पाड्यावरच्या शिक्षकाच्या उत्साहावर उभा राहिलेला प्रयोग हजार शाळांत तसाच उभा राहील, असे मानण्याची चूक आपण नंतरही केली.

महाराष्ट्रातली मोठी लाट २०१५ची. २२ जूनच्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. त्याआधीच शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड या शिक्षकाच्या कामामुळे डिजिटल शाळा म्हणून गाजली होती. सौर ऊर्जेवर चालणारी, टॅब वापरणारी आदिवासी पाड्यावरची ही शाळा पाहायला शिक्षकांच्या गाड्या येऊ लागल्या. परत गेलेल्यांनी आपापल्या गावात ग्रामसभेत विषय मांडला, माजी विद्यार्थ्यांना फोन केले, वर्गणी गोळा केली. गावागावांत शाळेचा टीव्ही किंवा प्रोजेक्टर हा गावाच्या मानाचा विषय झाला. या लाटेचे मोल कमी लेखू नये. सरकारी शाळेकडे पाठ फिरवलेला पालक तिच्यामुळे पुन्हा शाळेच्या आवारात आला आणि कित्येक ठिकाणी पटही वाढला.

पण वर्गणी एकदाच गोळा होते आणि प्रोजेक्टरचा दिवा ठरावीक तासांनी जातो. इन्व्हर्टरची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात आणि वीजबिल दर महिन्याला येते. शाळेला पटानुसार जे अनुदान मिळते ते लहान शाळेच्या बाबतीत काही हजारांत संपते. त्यातच खडू, रंगरंगोटी, किरकोळ दुरुस्ती आणि वीज. बिल थकून मीटर कापलेल्या शाळांच्या बातम्या दर वर्षी छापून येतात. केंद्र सरकारच्या २०२४-२५च्या यूडायस आकडेवारीनुसार देशातल्या सुमारे ६५ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. आकडे वाढते आहेत आणि ते चांगलेच आहे. मात्र ‘आहे’ या रकान्यात टिचकी पडली म्हणून ते यंत्र जूनमध्ये चालू होते आणि मार्चमध्येही चालू राहिले, असे समजता येत नाही.

केरळने हे काम वेगळ्या क्रमाने केले. तिथला आयटी-ॲट-स्कूल प्रकल्प २००१चा. आधी शिक्षक तयार केले, मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारून परवान्यांचे पैसे वाचवले, दुरुस्ती आणि मदतीची व्यवस्था राज्याच्या स्वतःच्या संस्थेकडे ठेवली. आठवी ते बारावीच्या सुमारे ४५ हजार वर्गखोल्या त्यानंतर सुसज्ज झाल्या. २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर जूनच्या पहिल्याच दिवशी त्यांच्या शैक्षणिक वाहिनीवर वर्ग सुरू झाले, कारण कार्यक्रम बनवणारे शिक्षक आणि तंत्रज्ञ त्यांच्याकडे आधीपासून नोकरीत होते. बालचित्रवाणीला कुलूप लावून तेव्हा आपल्याला तीन वर्षे झाली होती.

तरीही त्या वर्षी महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी जे केले ते विसरण्यासारखे नाही. ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ ही घोषणा सरकारची; तिच्यात जीव ओतला तो शिक्षकांनी. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीसाठीच्या या मालिकेत नुसते व्याख्यान नव्हते, घरातल्या वस्तू घेऊन करायच्या कृती होत्या. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. पालघरच्या काही पाड्यांवर ध्वनिवर्धकावरून धडे ऐकवले गेले. या साऱ्यात पहिलीतले ते मूल मात्र सापडत नव्हते, ज्याने अजून अक्षर गिरवलेले नव्हते आणि ज्याच्या घरचा एकमेव फोन सकाळीच वडिलांबरोबर कामावर जात होता.

फोनची गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. ‘असर’ या ग्रामीण शैक्षणिक पाहणीनुसार शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये ६७.६ टक्के. पण फोन घरात असलेल्या दर चार मुलांपैकी एकाला तो वापरायला मिळतच नव्हता. २०२४च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी जवळपास ९० टक्क्यांच्या घरी फोन आहे. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केले असे फोन वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी सांगितले, समाजमाध्यमे वापरली असे ७६ टक्क्यांनी. म्हणजे पाच-सहा वर्षांत अडचण बदलली. तेव्हा फोन नव्हता. आता फोन आहे, पण त्यात काय पाहायचे हे सांगणारे माणूस घरी नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले ते मोठे काम होते. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आज बालभारतीच्या पुस्तकांत कोड असतो आणि तो दीक्षा या व्यासपीठावर नेतो. कल्पना स्वच्छ आहे: धडा हातात, त्याची चित्रफीत एका टिचकीवर. व्यवहारात कोडामागचे साहित्य धड्यागणिक कमी-जास्त प्रतीचे आहे. काही चित्रफिती म्हणजे पुस्तकातलाच मजकूर, मागे संगीत लावून वाचलेला. मुलाचे महागाचे नेट त्यावर खर्च झाले, तर पुढच्या कोडावर ते फोन धरत नाही.

चांगले साहित्य कसे वेगळे असते ते सातवी-आठवीच्या विजेच्या धड्यावरून पाहू. कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा प्रकल्प भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्याची अनेक प्रतिरूपणे मराठीत आहेत, फुकट आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. त्यात परिपथ जोडण्याचे एक आहे. पडद्यावर एक सेल, वायर आणि बल्ब. शिक्षिका लगेच काही सुरू करत नाही. ती विचारते, विजेचा प्रवाह बल्बच्या आधी जास्त असेल, नंतर जास्त असेल की सारखाच? मुलांनी आधी वहीत लिहायचे, मग हात वर करायचे. बहुतेक हात ‘आधी जास्त’ला येतात. बल्ब पेटतो म्हणजे तो वीज खातो, मग पुढे कमीच उरणार, हे मुलांना पटलेले असते आणि कित्येक मोठ्या माणसांनाही. मग कळ दाबली जाते. निळे ठिपके वायरीतून सरकू लागतात आणि बल्बच्या आधी व नंतर सारख्याच वेगाने सरकतात. वर्गात गलका होतो. कोणीतरी म्हणते, ‘मॅडम, मग बल्ब खातो काय?’ हा प्रश्न मुलाच्या तोंडून येण्यासाठीच सगळा खटाटोप असतो. त्यानंतर शिक्षिका पडदा बंद करते आणि टॉर्चचा खराखुरा बल्ब, सेल आणि वायरीचे तुकडे गटागटांत वाटते.

इथे पडद्याने फळ्याला न जमणारे काम केले: न दिसणारी गोष्ट हलताना दाखवली. मुलांनी आधी अंदाज लिहिला, म्हणून चूक त्यांची स्वतःची झाली आणि ती सुधारण्यात त्यांना रस वाटला. पंधरा मिनिटांत यंत्राचे काम संपले. हेच जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढताना घडते. कोन बदलतात, बेरीज १८० अंशांवरून हलत नाही. याउलट कवितेच्या तासाला चालीसकट रंगीत चित्रफीत लावली, की मुले अर्धा तास शांत बसतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला वर्ग छान चालला आहे असे वाटते. मला तो तास वाया गेलेला वाटतो. कविता शिक्षकाच्या आवाजात ऐकायची आणि स्वतःच्या आवाजात म्हणायची असते.

मराठीत फुकट मिळणारे चांगले काही आहे का, असे शिक्षक नेहमी विचारतात. आहे, पण विखुरलेले आहे. बालभारतीची पुस्तके पीडीएफमध्ये मिळतात. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर ठेवले आहेत. चौथी ते आठवीच्या अवांतर वाचनासाठी याहून मोठा खजिना मला माहीत नाही. मराठी विश्वकोश सगळा ऑनलाइन आहे. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर छोट्यांसाठी चित्रकथा आहेत, हव्या तर छापून वाटता येतात. अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊतून खेळणी बनवण्याच्या चित्रफिती मराठीतही आहेत, आणि पडदा पाहून झाल्यावर मुलाच्या हाती आगपेटीच्या काड्या आणि व्हॉल्वची नळी येते हे त्यांचे मोठेपण. गुगलचे रीड अलाँग ॲप मुलाचे मराठी वाचन ऐकून अडखळलेला शब्द दाखवते. कमतरता आहे ती मधल्या टप्प्यावर: सहावी ते दहावीचे विज्ञान आणि गणित, मराठी माध्यमाच्या परिभाषेत, चांगल्या उच्चारात आणि आपल्या परिसरातली उदाहरणे घेऊन. हे काम बाजार करणार नाही, कारण मराठी माध्यमाच्या मुलाचा पालक वर्षाला काही हजारांचे शुल्क भरू शकत नाही. ते सार्वजनिक पैशानेच व्हायला हवे.

 

आता एक गोष्ट, जी शिक्षक खासगीत बोलतात आणि परिषदांत बोलत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत तंत्रज्ञानाचा सर्वांत जास्त वापर मुलांसाठी होत नाही, माहिती वर पाठवण्यासाठी होतो. सरल आणि यूडायस ही माहिती भरण्याची पोर्टले, पोषण आहाराची रोजची नोंद, उपस्थिती, आधार जोडणी, प्रत्येक दिनविशेषाचे फोटो, प्रत्येक प्रशिक्षणाची लिंक, आणि व्हॉट्सॲपच्या गटावर ‘आज दुपारी बारापर्यंत’ असा निरोप. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग दोघांकडे असतात. त्यांतला एक मोबाइल घेऊन रेंजसाठी ओट्यावर उभा राहिला, की दोन वर्गांना त्या वेळात शिक्षक नसतो. ज्या यंत्राने शिक्षकाचा वेळ मुलासाठी मोकळा करायचा, तेच तो खाते आहे. याची नोंद कोणत्याही पोर्टलवर होत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल घाईने बोलणे बरे नाही, पण एक अभ्यास नजरेत भरतो. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावासाठी चॅटजीपीटीसारखे साधन दिले. ज्यांना ते थेट उत्तरे देत होते, त्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. साधन काढून परीक्षा घेतली तेव्हा ते साधन न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे होते. ज्यांना उत्तराऐवजी इशारे देणारी, शिक्षकांच्या सल्ल्याने घडवलेली आवृत्ती दिली, त्यांचे असे नुकसान झाले नाही. दक्षिण कोरियाने २०२५च्या मार्चमध्ये या तंत्रावर आधारलेली डिजिटल पाठ्यपुस्तके आणली आणि पालक-शिक्षकांच्या विरोधानंतर त्याच ऑगस्टमध्ये त्यांचा पाठ्यपुस्तकाचा दर्जा काढून ती पूरक साहित्यात टाकली. स्वीडनने २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी पुन्हा निधी दिला. श्रीमंत देशांना पाऊल मागे घेणे परवडते. आपण एकदा खरेदी केली की दहा वर्षे तिच्याशी बांधलेले असतो.

म्हणून पुढची खरेदी होईल तेव्हा निविदेत काय असावे, याबद्दल शिक्षकांनी आत्ताच बोलले पाहिजे. यंत्राच्या किमतीइतकीच तरतूद पाच वर्षांच्या दुरुस्तीसाठी, विजेसाठी आणि बॅटऱ्यांसाठी हवी. मराठी साहित्य घडवणाऱ्या शिक्षक-तंत्रज्ञांची कायम पदे हवीत, कंत्राटी नव्हे. माहिती भरण्यासाठी केंद्रशाळेत एक स्वतंत्र माणूस हवा. आणि दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत अर्धा दिवस असा हवा, की ज्यात कोणी भाषण करणार नाही: चार शिक्षक एकच धडा पडद्यासह आणि पडद्याविना घेऊन दाखवतील आणि बाकीचे वहीत लिहितील की मुलांनी प्रश्न कधी विचारले.